निरोगी माणसाच्या दारी

रोग झाल्यावर वैद्याकडे जाणे ही मनुष्यजातीची फार पुरातन रीत आहे. परंतु ज्याचे अंग दुखत नाही, ज्याला भूक लागते आणि झोप येते, ज्याच्या हातून शेतातले काम नित्याप्रमाणे होते, अशा माणसाच्या दारी शासनाने आपण होऊन जावे आणि ‘तुमच्या देहात कदाचित काही दडलेले असेल, ते आम्हाला पाहू द्या’ असे म्हणावे, ही रीत गेल्या शंभर वर्षांच्या आतली आहे, आणि तिच्या मागे जो नैतिक करार गृहीत धरलेला असतो तो आपल्या समाजात अद्याप पुरता लिहिला गेलेला नाही. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन ठिकाणच्या कर्करोगांसाठी तीस ते पासष्ट या वयातील माणसांची ठरावीक मुदतीने तपासणी व्हावी, अशी कार्यपद्धती केंद्र सरकारने २०१६ साली घालून दिली. पुढे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांना विचारले असता, गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली असे सांगणाऱ्या स्त्रिया शेकडा १.९ निघाल्या, स्तनांच्या बाबतीत हाच आकडा ०.९ होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दरवर्षी पाऊण लाखाहून अधिक स्त्रिया जिथे दगावतात, त्या देशातील हे आकडे आहेत.

या आकड्यांचा दोष कोणाच्या पदरी घालायचा, यावर बालाघाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावी, जुन्या वाड्याच्या ओसरीवर, एका मामा-भाचीत झालेला वाद मी ऐकला. मामा निवृत्त तहसीलदार. गाव त्यांना अजूनही मामलेदारसाहेब म्हणते. भाची शालिनी सरकारी रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. सरकारी अंमलदार संशय घेईल आणि डॉक्टर तपासणीचा कैवार घेईल, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात घडले ते उलट, आणि म्हणूनच तो संवाद मला टिपून ठेवावासा वाटला.

मामा : शालिनी, शंभरात दोन बायकासुद्धा नाहीत. माझ्या तालुक्यात एखाद्या गावचा सारा शेकडा दोन वसूल झाला असता, तर त्या तलाठ्याची कैफियत मी त्याच दिवशी मागवली असती. १९७२ च्या दुष्काळात मी नुकता कारकून म्हणून लागलो होतो. खडी फोडायला येणाऱ्या माणसांचे हजेरीपट आम्ही कंदिलाच्या उजेडात भरत होतो, आणि त्याच सुमारास देवीच्या लसीसाठी वस्तीवस्तीवर हिंडत होतो. ‘नको’ म्हणणाऱ्याचे ऐकून आम्ही परत फिरलो नाही, आणि म्हणून १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी आढळला नाही. जे देवीच्या बाबतीत साधले ते या रोगाच्या बाबतीत का साधू नये? घरोघर जा, नावे लिहा, आणि एकही बाई सुटता कामा नये असा हुकूम काढा.

शालिनी : मामा, देवीची लस नाकारणारा माणूस शेजाऱ्याच्या मुलाचाही जीव धोक्यात घालत होता, त्याच्यावर दडपण आणण्याला तेवढा तरी आधार होता. गर्भाशयमुखाची तपासणी नाकारणारी बाई दुसऱ्या कोणाचे काही हिरावून घेत नाही. देह तिचा, धोका तिचा, लाजही तिचीच. तिच्यावर हुकूम चालवण्याचा अधिकार मला कोणी दिला आहे असे मला वाटत नाही. आणि दुसरे असे, की लस टोचली म्हणजे आरोग्य खात्याचे त्या माणसापुरते काम संपते. तपासणी केली म्हणजे खात्याचे काम सुरू होते. तुम्ही ज्याला हजेरी म्हणता, ती पुरी झाली तरी एकही जीव वाचलेला नसतो.

मामा : सक्ती नको, हे मान्य. पण ‘ज्यांच्या मनात येईल त्यांनी यावे’ असे म्हणून दवाखान्याचे दार नुसते उघडे ठेवले, तर कोण येते? जिला वेळ आहे, जिच्या घरी गाडी आहे, जी एकदा येऊन गेलेली आहे, तीच पुन्हा येते. इंग्लंडात नेमके असेच झाले, हे तूच मला मागे सांगितले होतेस.

शालिनीने ते नाकारले नाही, आणि वाचकांसाठी तो इतिहास येथे थोडक्यात नमूद करणे इष्ट आहे. इंग्लंडात गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, म्हणजे डॉक्टर पापानिकोलाऊ यांच्या नावाने ओळखली जाणारी पॅप चाचणी, १९६० नंतरच्या दशकापासून उपलब्ध होती. परंतु वीसएक वर्षे लक्षावधी चाचण्या होऊनही मृत्यूंच्या संख्येवर तिचा जेवढा परिणाम दिसायला हवा होता तेवढा दिसला नाही, कारण धोका कमी असलेल्या त्याच त्या स्त्रिया वारंवार येत होत्या आणि ज्यांना सर्वांत गरज होती त्यांच्यापर्यंत कोणाचे पत्रही जात नव्हते. १९८८ साली प्रत्येक स्त्रीचे नाव दफ्तरात असलेली आणि मुदत येताच तिला नावानिशी बोलावणारी व्यवस्था सुरू झाली. त्या वर्षी शेकडा ४२ स्त्रियांची तपासणी झालेली होती, ती १९९४ पर्यंत शेकडा ८५ झाली, आणि रोग व मृत्यू दोन्ही स्पष्टपणे उतरू लागले. चाचणी तीच होती. फरक पडला तो नोंदवहीने.

मामा : हेच मी म्हणतो आहे. तुमच्या वैद्यकशास्त्राने शोध लावला, पण जीव वाचवले ते दफ्तराने. जिचे नाव कोठे लिहिलेले नाही, ती बाई सरकारच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. मग तिच्या मरणाचा तरी हिशेब कोण ठेवणार? मृत्यूच्या नोंदवह्या मी वर्षानुवर्षे तपासल्या आहेत. बायकांच्या नावांपुढे ‘पोटाचा विकार’, ‘अशक्तपणा’, ‘जुने दुखणे’ असे लिहिलेले असे, आणि त्यावर सही करताना त्यांतल्या किती जणी या एकाच रोगाने गेल्या असतील, हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नाही.

हे बोलताना मामांचा स्वर बदलला होता. या भागात तो प्रश्न कोणीच विचारला नाही असे मात्र नाही, आणि शालिनीने त्यांना तेच स्मरण दिले. बार्शीला डॉक्टर भगवान नेने यांनी ग्रामीण भागासाठी कर्करोगाचे रुग्णालय उभारले, आणि १९८७ साली बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील खेड्यांसाठी कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. ग्रामीण लोकसंख्येची अशी ती भारतातील पहिली नोंदणी. खेड्यात रोगी आपण होऊन इस्पितळात येत नाही, म्हणून नोंदणीची माणसेच गावोगाव जात, लोकांना रोगाची लक्षणे सांगत, संशय वाटेल त्याला तपासणीस आणत. डॉक्टर कस्तुरी जयंत यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या नोंदींवर वर्षानुवर्षे काम केले. या भागातील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत अधिक आहे, हे त्या दफ्तराने दाखवून दिले.

त्या पायावर पुढे जे काम झाले, त्याची जगाच्या वैद्यकशास्त्राने दखल घेतली, पण महाराष्ट्रातील सुशिक्षितांना ते फारसे ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते. १९९९ च्या ऑक्टोबरपासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांचे ५२ समूह करण्यात आले आणि तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा समावेश असलेली एक चाचपणी सुरू झाली. समूहांचे चार गट पाडले होते. एका गटातील स्त्रियांना एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप चाचणी, तिसऱ्यात शिरक्यातील आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची पद्धत. चौथ्या गटात चाचणी नव्हती, फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा होती. पुढील आठ वर्षांत विषाणूची चाचणी देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या, तर चाचणी नसलेल्या गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मरणाचा धोका जवळजवळ निम्मा झाला होता. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी विषाणूची चाचणी हीच मुख्य चाचणी असावी, असे जागतिक आरोग्य संघटना आज सांगते, त्यामागील आधारांत धाराशिवच्या या शेतकरी आणि शेतमजूर स्त्रियांचा वाटा आहे.

शालिनी : आणि मामा, त्या गावांत बोलावलेल्या स्त्रियांपैकी शेकडा ऐंशीच्या जवळपास आल्या होत्या. हीच गावे, याच जाती, हीच गरिबी, हीच सासू आणि हाच नवरा. मग आजचा शेकडा दोनाचा आकडा बायकांच्या अज्ञानाचा आहे, असे कोणी म्हटले की मला राग येतो. तेव्हा कोणीतरी घरी गेले होते, नाव लिहिले होते, गावाजवळच जागा केली होती, तपासणारी बाई होती, आणि काही निघाले तर बार्शीला उपचाराची तजवीज अगोदरच केलेली होती. आज काय असते? शिबिराचा फलक असतो, उद्घाटन असते, आशाताईला घरोघर भरायच्या अर्जाची घाई असते, आणि संध्याकाळी जिल्ह्याला पाठवायचा एक आकडा असतो.

मामा : तू मागे शिबिर घेतलेस तेव्हा बायका काय म्हणाल्या?

शालिनी : बहुतेक पहिले वाक्य एकच : ‘मला काही होत नाही, मग मी कशाला येऊ?’ त्याचे उत्तर देता येते. हा रोग अंगात दहा-पंधरा वर्षे मुकाट्याने राहतो आणि त्या काळातच तो हाती लागण्यासारखा असतो, हे समजावले तर समजते. पुढचे वाक्य असते, ‘अंगावरून पांढरं जातं, पण ते तर सगळ्यांचंच जातं.’ त्याचेही उत्तर आहे. कोणी म्हणते, तपासायला बाईच आहे ना? कोणी म्हणते, आज पाळी आहे. एकीने विचारले, पडदा आहे का, की मागच्यासारखे नुसते दार लोटायचे? ही लाज नव्हे, ही साधी माणुसकीची मागणी आहे, आणि तिच्यासाठी लागणारा खर्च एका पडद्याचा आणि एका कडीचा असतो. पण माझ्या मनातून न जाणारे वाक्य एका म्हातारीचे आहे. ती आपल्या सुनेला घेऊन आली होती आणि तपासणीच्या आधी मला म्हणाली, ‘बाई, आणि निघालंच काही, तर पुढं कोण बघणार?’

मामा : तू काय सांगितलेस?

शालिनी : सोलापूरला जावे लागेल, असे सांगितले. ती म्हणाली, ‘सोलापूर कुणी पाहिलंय?’ आणि सुनेला घेऊन निघून गेली. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंग्नर या दोघांनी १९६८ साली तपासणी-कार्यक्रमांची तत्त्वे लिहिली, ती आजही आम्हाला शिकवतात. त्यांत अगदी आरंभी हेच आहे, की आढळलेल्या रोगावर मान्य उपचार असावा आणि निदानाची व उपचाराची सोय हाताशी असावी. त्या म्हातारीने अक्षर न वाचता तेच तत्त्व मांडले. तिला मी अडाणी कशी म्हणू?

येथे मामा काही वेळ बोलले नाहीत. मला स्वतःला असे वाटते, की या सगळ्या विषयाचे मर्म त्या म्हातारीच्या प्रश्नात आहे. आजारी माणूस वैद्याकडे येतो तेव्हा वैद्याने यथाशक्ती करावे, एवढीच अपेक्षा असते. पण वैद्य निरोगी माणसाच्या घरी जाऊन त्याच्या मनात भय उत्पन्न करतो, तेव्हा ते भय शेवटास नेण्याची हमी त्याने अगोदर घेतलेली असली पाहिजे. तपासणीत सहभागी होण्याचे कर्तव्य नागरिकाला आहे की नाही यावर मतभेद होऊ शकेल. बोलावणाऱ्याने पुढल्या वाटेवर हजर राहण्याच्या कर्तव्याविषयी मात्र मतभेदाला जागा नाही.

मामा : तुझे म्हणणे मी समजलो, पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? सोय पुरी होईपर्यंत तपासणी थांबवायची? सरकारी कामाचा माझा अनुभव असा आहे, की मागणी दिसल्याशिवाय मंजुरी येत नाही. आधी हजार बायका तपासल्या गेल्या, त्यांत शंभर जणींना उपचार हवा असे कागदावर आले, की मग यंत्र मिळते, डॉक्टर मिळतो, गाडी मिळते. रिकाम्या दफ्तरावर जिल्ह्याची तिजोरी उघडत नाही. आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने केलेल्या कामाचे काय? तिथे तर चाचणी अगदी साधीच होती ना?

शालिनी : होती. १९९८ पासून तेथे दीड लाखांहून अधिक स्त्रियांचे दोन गट करून, दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना तयार केले, आणि त्यांच्याकडून शिरक्याच्या आम्लाने पाहण्याची पद्धत दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत राबवली. तपासणी झालेल्या गटात मृत्यू शेकडा ३१ ने कमी झाले. पण तीच पद्धत धाराशिवच्या खेड्यांत एकदाच वापरली, तेव्हा मृत्यूंत तसा ठाम फरक दिसला नाही. पद्धत साधी म्हणून ती कशीही केली तरी चालते, असे नाही. पाहणारीचा डोळा तयार हवा, त्याची पुनःपुन्हा परीक्षा हवी आणि फेऱ्या नियमाने हव्यात. आमच्याकडे एक दिवसाचे प्रशिक्षण होते आणि नंतर सिस्टरची बदली होते. धाराशिवलाच या पद्धतीत शेकडा चौदाच्या आसपास स्त्रियांना ‘संशय’ सांगावा लागला होता. त्यांतल्या बहुतेकींना काहीही नव्हते. पुढे नीट पाहणारे कोणी असेल तर हा संशय आठवड्यात फिटतो. नसेल तर ती बाई तो जन्मभर बाळगते.

मामा : जन्मभर संशय बाळगणे मरणापेक्षा बरे.

शालिनी : संशय नुसता बाळगला जात नाही, मामा, तो विकत घेतला जातो. बीडमध्ये काय झाले ते तुम्ही वाचले आहे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ साली नेमलेल्या समितीने ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यांतल्या पुष्कळ पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या. अंगावरून जाते, पाठ दुखते, अशी तक्रार घेऊन गेलेल्या बाईला ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगितले जाई. कॅन्सर या शब्दाची भीती गावात पोहोचली, पण खरी चाचणी आणि खरा सल्ला पोहोचला नाही. त्या मधल्या मोकळ्या जागेत हा व्यापार उभा राहिला. मी अर्धवट तपासणी करून ‘संशय’ लिहून दिला आणि पुढे काही केले नाही, तर ती चिठ्ठी घेऊन ती बाई कोठे जाईल, हे मला दिसते.

हा मुद्दा मामांना नवा होता असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही तो या बाजूने कधी सुचला नव्हता. अतिरेकी तपासणीचे धोके सांगताना विद्वान लोक दक्षिण कोरियाचे उदाहरण देतात, जिथे गळ्यातील थायरॉइड ग्रंथीची सर्रास तपासणी सुरू झाल्यावर १९९३ ते २०११ या काळात त्या कर्करोगाचे निदान पंधरा पटींनी वाढले आणि मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. किंवा जपानचे, जिथे तान्ह्या मुलांच्या लघवीवरून एका दुर्मिळ कर्करोगाचा शोध घेण्याची देशव्यापी योजना, आपोआप बऱ्या होणाऱ्या गाठी शोधून मुलांना वृथा उपचार होत आहेत असे आढळल्यावर, बंद करावी लागली. ती उदाहरणे खरी आहेत, पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला ती लागू करता येत नाहीत, हे शालिनीनेही लगेच मान्य केले. येथे पूर्वावस्थेवर केलेला उपचार खरोखर मरण टाळतो.

मामा : मग विषाणूची चाचणीच का करत नाही? तूच म्हणतेस ती सर्वांत उत्तम.

शालिनी : करावी, असेच माझे मत आहे. त्या चाचणीत निर्दोष ठरलेल्या स्त्रीला पुढची पुष्कळ वर्षे निर्धास्त राहता येते. इतर दोन चाचण्यांत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांना पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण त्यांच्या चौपटीहून अधिक आढळले. नमुना बाईला स्वतःच्या हाताने, आडोशाला घेता येतो. टेबलावर निजावे लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईसाठी याहून योग्य काय असेल? तिचा दिवस मोडला तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. दसऱ्यानंतर गाव रिकामे होते आणि आमची शिबिरे नेमकी हिवाळ्यात लागतात. पण चाचणी महाग आहे, यंत्र जिल्ह्यालाही अभावानेच, आणि एक नाजूक गोष्ट आहे. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. कागदावर ‘विषाणू आढळला’ असे आले, आणि तो कागद सासरच्या माणसाने वाचला, तर संशय बाईच्या चारित्र्यावर घेतला जातो, नवऱ्यावर नव्हे. बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, बहुतेकांचा एक-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो, हे समजावायला मला एका बाईमागे पंधरा मिनिटे लागतात. पंधरा मिनिटे कोणत्याही तक्त्यात मोजली जात नाहीत.

मामा : तू प्रत्येक वेळी मला थांबायची कारणे देतेस. मी तुला न थांबण्याचे एकच कारण देतो. त्या चौथ्या गटातल्या चौसष्ट बायका. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या होत्या. त्यांना चाचणी नव्हती म्हणून जगाला कळले की चाचणीने जीव वाचतात.

शालिनी : त्या गटावरून डॉक्टरांत मोठा वाद झाला आहे, मामा. उपयोगी पडेल असे अगोदरच वाटत असताना कोणाला चाचणीशिवाय ठेवणे न्यायाचे होते का, असे पुष्कळांनी विचारले. करणाऱ्यांचे म्हणणे असे, की त्या वेळी खेड्यांत कोणालाच काही मिळत नव्हते, आणि एकदाच केलेली चाचणी उपयोगी पडते की नाही हे खरोखर माहीत नव्हते. मी त्या वादाचा निवाडा करू शकत नाही.

मामा : निवाडा मीही करत नाही. पण ऋण तर मोजता येते ना? इतकी वर्षे झाली. जे ज्ञान या गावांनी स्वतःचे मरण मोजू देऊन जगाला दिले, त्याचा लाभ आज युरोपातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या स्त्रीला घरपोच मिळतो, आणि त्या चौसष्ट जणींच्या लेकीसुना अजून फलकाखाली रांगेत उभ्या आहेत. याहून मोठी वसुली माझ्या साऱ्या नोकरीत कधी थकलेली मी पाहिली नाही. आणि ही थकबाकी रयतेची नाही, सरकारची आहे.

शालिनी : हे मात्र तुम्ही माझ्याच बाजूने बोललात.

मामा : बाजू तुझी नाही आणि माझीही नाही. पुढच्या महिन्याचे शिबिर तू घेणार की नाही, ते सांग.

शालिनी : त्याच जागी, त्याच दिवशी उष्णता देऊन पूर्वावस्था नष्ट करण्याचे छोटे यंत्र मिळाले आणि ते चालवणारा डॉक्टर आला, तर घेईन. काही मिनिटांचे काम असते, भूलही द्यावी लागत नाही; सोलापूर पाहावे लागत नाही. ते नसेल, तर मी तारीख पुढे ढकलीन. विहिरीपर्यंत रस्ता बांधून पोहरा न ठेवण्यासारखे आहे ते, आणि तो रस्ता पुन्हा एकदा बांधायची माझी तयारी नाही.

मामा : यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर ज्या बाईची अवस्था या वर्षी हाती लागली असती, ती पुढच्या वर्षी हाताबाहेर जाईल. तू घे शिबिर. बोभाटा होऊ दे, वर्तमानपत्रात येऊ दे, जिल्ह्याला जाब विचारला जाऊ दे.

शालिनी : बायकांच्या भीतीवर मागणीपत्र लिहायचे? ते मला जमणार नाही.

दोघांचे स्वर चढले नव्हते, पण कोणी मागेही सरले नव्हते. शेवटी मामांनी विषय कामाच्या वळणावर नेला. शिबिराचे राहू दे, ते म्हणाले, पण मागल्या वेळी ज्यांना पुढे जायला सांगितलेस त्यांतल्या किती जणी गेल्या? शालिनीने सांगितले, की निम्म्या अजून गेलेल्या नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी तोडीवर आहेत, कोणी कराडकडे, कोणी कोल्हापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात.

मामा : मग ती यादी मला दे. या तालुक्यातला एकेक मुकादम मी ओळखतो. कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर आहे, ते दोन दिवसांत काढून देतो. माणूस पाठवून निरोप पोहोचवतो.

शालिनी : यादी देता येणार नाही, मामा. कोणाला काय निघाले ते मुकादमाला कळता कामा नये, आणि राग मानू नका, तुम्हालाही कळता कामा नये. तुम्ही मला टोळ्यांची आणि कारखान्यांची यादी करून द्या. नावे आशाताईकडे राहतील. ती त्या-त्या बाईच्या फोनवर बोलेल, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी त्या-त्या कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला मी स्वतः कळवीन.

आयुष्यभर नावांच्या याद्या ज्यांच्या हुकमाने तयार झाल्या, त्या गृहस्थाने नावे नसलेली यादी करायला होकार दिला, आणि लगेच गावांची नावे विचारायला सुरुवात केली. शिबिराच्या तारखेवर मात्र मी तेथून निघेपर्यंत दोघांचे एकमत झाले नव्हते.